फाटकासमोरचा ढग

दातांचा डॉक्टर सुयुनबेक सकाळचा चहा खिडकीत उभा राहून प्यायचा. बिश्केकच्या त्या जुन्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर त्याचं घर होतं. खिडकीतून शाळेचं फाटक दिसायचं, आणि आपली मुलगी अकमाराल फाटकातून आत गेली की त्याचा दिवस रीतसर सुरू व्हायचा. त्या दिवशी मात्र चहाची वाटी ओठांपर्यंत आली आणि तिथेच थांबली. फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, जिथे इतकी वर्षं तंदुरातले गरमागरम सामसे मिळायचे, त्या दुकानावर गुलाबी दिव्यांची पाटी झळकत होती. पाटीवर एकच शब्द होता : ‘ढग’.

“बुरुल, इकडे ये. ढग आलाय.”

“मग छत्री घेऊन जा,” बायको आतून म्हणाली.

“तसला नाही गं! व्हेपचं दुकान! शाळेसमोर!”

बुरुल आली, तिनं पाहिलं, आणि “सामसेवाली कुठे गेली मग?” एवढंच म्हणून ती परत गेली. पण सुयुनबेकचे पाय हलेनात. काचेमागे ई-सिगरेटच्या रंगीबेरंगी कांड्या मांडल्या होत्या. लांबून पाहणाऱ्याला शाळेची पेनं वाटावीत. बाहेर मोठ्या वर्गातली चार पोरं खांद्याला दप्तर लावून उभी होती, आणि त्यांच्या डोक्यावर खरोखरच ढग होता. तो ढग वर उठला, रस्ता ओलांडून आला आणि थेट खिडकीशी पोचला. कलिंगडाचा वास होता त्याला.

त्या दिवसापासून सुयुनबेकच्या घरात भीती मुक्कामाला आली. अकमाराल नववीत. अलीकडे ती सारखं च्युइंगगम चघळायची. थंडी पडली तरी खोलीची खिडकी उघडी ठेवायची. ह्याआधी या गोष्टींना त्यानं ‘वय’ म्हटलं होतं. आता त्यांना ‘लक्षणं’ म्हणू लागला. एका संध्याकाळी तो खुंटीवरचा तिचा मफलर नाकाला लावून उभा असताना बुरुलनं त्याला पकडलं.

“हे काय चाललंय?”

“आंबा,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “आंब्याचा वास आहे.”

“शॅम्पू आहे तो. आणि शंका आहे तर विचार ना तिला सरळ.”

“असं कसं विचारू? पुरावा नको?”

“मुलगी आहे ती तुझी, आरोपी नाही.”

“म्हणून तर विचारता येत नाही ना!”

आता यात त्याचा सगळाच दोष होता असं नाही. उभं आयुष्य त्यानं ज्यांच्याशी संवाद साधला त्यांची तोंडं उघडी असायची आणि त्यांत आरसा, कापूस आणि नळी असायची. “मुलं कशी आहेत? छान. सुट्टीत कुठे गेलात? वा!” असे प्रश्नोत्तरांचे दोन्ही भाग तोच म्हणायचा. मिटलेल्या तोंडाच्या माणसाशी बोलायचा सराव नव्हता, आणि पंधरा वर्षांच्या मुलीइतकं घट्ट मिटलेलं तोंड दुसऱ्या कुणाचं नसतं.

मुलीशी बोलता येत नाही म्हणून तो सगळ्या वसाहतीशी बोलला. इमारतीच्या दाराशी एक बाक होतं. त्या बाकावर निवृत्त बसचालक जुमागाझी आणि झुराकान नावाची म्हातारी दुपारभर बसून जगाचा कारभार पाहत असत. जुमागाझीला अख्खी वसाहत ‘बाइके’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायची आणि झुराकानला ‘एजे’, म्हणजे थोरली बहीण, आणि त्या नात्याचा पुरेपूर हक्क ती बजावायची.

“अरे, याच्यात अवघड काय?” जुमागाझी म्हणाला. “रात्री काच फोडायची.”

“बाइके, मी डॉक्टर आहे.”

“मग काय झालं? दगड मी देतो.”

“तू गप रे,” झुराकान म्हणाली. “डॉक्टर, अशा जागेला अर्चाच्या डहाळ्यांची धुरी द्यावी लागते. जागेवरची पीडा जाते. मी उद्या देते.”

“एजे, धूर घालवायला धूर?”

“तू दात बघ. हे माझ्याकडे सोड.”

दुसऱ्या दिवशी झुराकान अर्चाच्या, म्हणजे डोंगरातल्या त्या सुगंधी जुनिपरच्या, पेटलेल्या फांद्या तव्यात घेऊन, तोंडानं पुटपुटत, दुकानाभोवती फिरली. आतून मालक इल्गिझ बाहेर आला. तो पंचविशीचा, हसरा, केस चोपून बसवलेला पोरगा होता. सुयुनबेक खिडकीतून श्वास रोखून पाहत होता. इल्गिझनं म्हातारीला वाकून सलाम केला, तिला दुकानात नेलं, धुरी गल्ल्याला दिली, फळ्यांवरच्या मालाला दिली, शेवटी स्वतःच्या डोक्यावरून ओवाळून घेतली. झुराकान परतली ती बिस्किटांचा पुडा घेऊन.

“फार संस्कारी मुलगा आहे रे,” ती म्हणाली. “आजीला विचारून दुकान घातलंय त्यानं.”

त्या आठवड्यात दुकानावर दुप्पट गर्दी झाली.

मग सुयुनबेकनं शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप टाकला. निरोप साधा होता : ‘समोरच्या दुकानाबद्दल काही करायला नको का?’ पाच मिनिटांत अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणी हात जोडले, कुणी आगीचं चित्र टाकलं, एका आईनं रडणारं मांजर पाठवलं. संध्याकाळपर्यंत एकमतानं ‘बालआरोग्य संरक्षण समिती’ स्थापन झाली आणि सुयुनबेक तिचा अध्यक्ष झाला. बाकीचे सदस्य कोण, असं त्यानं विचारलं तेव्हा ग्रुपवर इतकी शांतता पसरली, की त्याला आपलं इंटरनेट गेलंय असं वाटलं.

अध्यक्ष या नात्यानं तो मुख्याध्यापिका मैराम सादिरोव्ना यांना भेटला. त्यांनी हात चोळले. “फाटकाच्या आतली मुलं माझी, डॉक्टर. फाटकाबाहेरची तुमची.” तिथून तो सरकारी कचेरीत गेला. तिथला अधिकारी डूलोस हा मन लावून काम करणारा माणूस होता, आणि तीच पंचाईत होती.

“नियम आहे,” डूलोस म्हणाला. “शाळेपासून शंभर मीटरच्या आत असलं दुकान चालत नाही.”

“मग बंद करा! समोर तर आहे!”

“समोर म्हणजे किती मीटर?”

“समोर म्हणजे समोर!”

“डॉक्टर, मी तुमच्याकडे आलो आणि म्हणालो, ‘दात आत कुठेतरी दुखतोय,’ तर उपटाल का? मोजून आणा. आणि कुठून मोजलं तेही लिहा. फाटकापासून, का इमारतीच्या दारापासून. सरळ रेषेत, का चालत्या वाटेनं.”

डोकं भणभणत सुयुनबेक घरी आला. रविवारी जुमागाझीनं आपल्या गॅरेजमधून एक लांबलचक मोजपट्टी काढली. एक टोक त्यानं शाळेच्या फाटकाला धरलं, दुसरं टोक घेऊन सुयुनबेक रस्ता ओलांडू लागला. मध्येच एक मार्शरुत्का, म्हणजे ठरल्या मार्गावरची भाड्याची व्हॅन, आली; प्रवासी खच्चून भरलेले, चालकाचं लक्ष फोनमध्ये. तिच्या बंपरला मोजपट्टी अडकली. जुमागाझीनं अनुभवी माणसासारखं टोक सोडून दिलं. सुयुनबेकला मात्र समितीचं टोक सोडवेना. तो व्हॅनमागे थोडं अंतर धावला आणि रस्त्याकडेच्या पाण्याच्या पाटात बसला.

तो चिखलातून उठतोय तोवर वसाहतीतल्या बायका धावत आल्या. त्याला हात द्यायला आल्या असं त्याला वाटलं.

“रस्ता रुंद करताय ना?” एकीनं विचारलं. “ही झाडं तोडायची आहेत ना?”

“नाही हो, मी फक्त मोजत होतो...”

“तेच! आधी मोजतात आणि मग करवत आणतात! गेल्या वर्षी पलीकडच्या रस्त्यावर असंच मोजलं होतं!”

“अहो, मी दातांचा डॉक्टर आहे!”

“तुम्हीसुद्धा?” ती बाई दुखावल्या आवाजात म्हणाली. “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

संध्याकाळी बायकांनी झाडांना मिठ्या मारून फोटो काढले. त्याच गर्दीतून वाट काढत अकमाराल शिकवणीहून घरी आली. चिखलात माखलेल्या बापाकडे तिनं एकदा पाहिलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. कडीचा आवाज सुयुनबेकच्या छातीत वाजला. आत काय करत असेल? खिडकी उघडी असेल का? तो बाहेरून दाराला नाक लावून बराच वेळ उभा राहिला. वास आला तो स्वतःच्याच पँटच्या चिखलाचा.

डूलोसनं मोजणीचं काम स्वतःकडे घेतलं, पण म्हणाला, “त्याला वेळ लागेल. तोवर ते दुकान शाळेच्या मुलांना माल विकतं, एवढं डोळ्यांनी पाहून साक्ष द्या.” डोळ्यांनी पाहायचं तर दुकानात जायला हवं. सुयुनबेकनं टोपी कपाळावर ओढली, मास्क लावला, आणि शाळा सुटायच्या जरा आधी ‘ढग’मध्ये शिरला.

“या डॉक्टर, या!” इल्गिझ ओरडला. “ओळखलं नाहीत? ही खालची दाढ तुम्हीच भरलीत. बघा, अजून शाबूत आहे.” त्यानं तोंड उघडून दाखवलं. दाढ खरोखर सुरेख भरली होती. सुयुनबेकला नको त्या वेळी अभिमान वाटला.

“मी... जरा बघायला आलो होतो.”

“लाजायचं काय त्यात? टेन्शन असतं तुमच्या धंद्यात. हे घ्या, सौम्य आहे. नवशिक्यांसाठी.”

“तू लहान मुलांना विकतोस?”

“छे! मी वय विचारतो ना.”

“ते काय सांगतात?”

“अठरा,” इल्गिझ निरागसपणे म्हणाला. “सगळेच अठराचे आहेत. चांगलं वय आहे.”

तेवढ्यात घंटा झाली आणि दुकान पोरांनी भरलं. आपण गिऱ्हाईक दिसलो नाही तर संशय येईल, या भीतीनं सुयुनबेकनं ती कांडी मास्क खाली करून तोंडात धरली. पुढचं नीट आठवत नाही असं तो पुढे सांगायचा, पण आठवायची गरजच नव्हती, कारण पोरांच्या फोनवर सगळं चित्रित झालं होतं. समितीचे अध्यक्ष एक भलामोठा झुरका घेतात. त्यांचे डोळे बाहेर येतात. नाकातून, तोंडातून, आणि पाहणाऱ्यांना वाटलं कानांतूनही, पांढरा लोट निघतो. त्यांना खोकल्याची ढास लागते, टोपी पडते, आणि इल्गिझ प्रेमानं त्यांची पाठ थोपटत म्हणतो, “हळू, डॉक्टर, हळू.”

ती चित्रफीत त्याच्या आधी घरी पोचली. पालकांच्या ग्रुपवर पोचली. डोंगरापलीकडे नारीनला राहणाऱ्या सासूबाईंपर्यंत पोचली. त्यांनी फोन करून बुरुलला विचारलं, “घरात काही कमी पडतंय का गं त्याला?” दवाखान्यात पेशंट आ करण्याआधी त्याच्याकडे रोखून पाहू लागले. ग्रुपवर एकानं लिहिलं, ‘अध्यक्षांनी खुलासा करावा,’ आणि त्यावर पूर्वीइतकेच अंगठे आले.

सर्वांत वाईट म्हणजे अकमारालनं त्याच्याशी बोलणंच सोडलं. जेवायच्या टेबलावर ती आईला म्हणाली, “आपा, पापांना सांग, वर्गात सगळे मला ‘हळू, डॉक्टर’ म्हणतात.”

“मी इथेच बसलोय,” सुयुनबेक म्हणाला.

“आपा, सांग त्यांना.”

या पडझडीत साक्ष राहूनच गेली आणि कचेरीचा निर्णय आला. डूलोसनं खरोखरच चोख मोजणी केली होती. अंतर शंभर मीटरच्या बरंच आत भरलं. नियमभंग स्पष्ट होता. पण दुकानाकडे रीतसर परवाना होता आणि फाटकाकडे काहीच नव्हतं. पूर्वी कधीतरी कुंपण फोडून ते केलं होतं; नकाशात शाळेचं दार मागच्या बाजूला, गॅरेजांच्या बोळात होतं. तेव्हा पुढचं फाटक बंद करावं, मागचं दार उघडावं, म्हणजे अंतर नियमात बसतं. आठवडाभरात फाटकाला कुलूप लागलं. मैराम सादिरोव्नांनी सुयुनबेकला फोन करून अत्यंत कोरड्या आवाजात आभार मानले.

आता खिडकीतून काहीच दिसेना. अकमाराल इमारतीच्या कोपऱ्यावर वळायची आणि नाहीशी व्हायची. मागचा बोळ म्हणजे दोन्ही बाजूंना गंजक्या लोखंडी गॅरेजांच्या रांगा, मध्ये बर्फाचा राडा, आणि पन्नास आडोसे. पूर्वी पोरं रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झुरके घ्यायची. आता इल्गिझकडून माल यायचा आणि गॅरेजांमागे निवांत कार्यक्रम चालायचा. जुमागाझी आपल्या गॅरेजची पाहणी करून आला आणि म्हणाला, “डॉक्टर, तू त्यांना हॉलच बांधून दिलास की.”

सुयुनबेकची झोप उडाली. दुकान हाकलायला निघालेल्या आपण मुलांनाच नजरेआड हाकललं, ही गोष्ट त्याला दाढेसारखी ठणकू लागली.

आणि मग एका दुपारी, झुराकान एजे वसाहतीतल्याच दवाखान्यात त्याच्या खुर्चीत आ करून पडली असताना, त्याचा फोन वाजला. पडद्यावर अकमारालचं नाव होतं. ती शाळेच्या वेळात कधीच फोन करायची नाही, आणि गेले कित्येक दिवस तर कुठल्याच वेळात.

“पापा.” आवाज थरथरत होता. “पापा, लवकर या. गॅरेजमागे. लवकर.”

“तू ठीक आहेस? काय झालं? तू...”

“मी नाही. ऐकानिश. ती उठत नाहीये. पापा, या ना!”

तो धावला. पांढरा कोट, हातमोजे, कपाळावर दिवा, तसाच. बर्फावरून घसरत, गॅरेजांच्या पत्र्यांना धरत धावला. ऐकानिश ही अकमारालची वर्गमैत्रीण, लहानपणी त्यांच्या घरी दुधाचा दात पाडून घेताना सगळी इमारत डोक्यावर घेणारी. ती आता भिंतीशी चुरगळून पडली होती. चेहरा खडूसारखा, कपाळावर घाम, समोर ओकारी. अकमारालनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बाकीची पोरं पळून गेली होती.

“पैज लावली होती,” अकमाराल रडत सांगत होती. “थांबायचं नाही, ओढत राहायचं. मी म्हटलं बास, तर हसली. मग एकदम...”

“बरं झालं बोलावलंस. कुशीवर कर तिला. अशी. ऐकानिश, बाळा, ऐकतेस का? डोळे उघड.” त्यानं नाडी पाहिली. ती इतक्या वेगानं पळत होती, की त्याला मोजता येईना. पण आवाज स्थिर राहिला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगताना नकाशातलं शाळेचं अधिकृत दार त्याला इतकं पाठ होतं, की गाडी एकदाही न चुकता आली.

इस्पितळात संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, धोका टळला, रात्रभर ठेवू, सकाळी घरी जाईल. ऐकानिशच्या आईनं सुयुनबेकचे दोन्ही हात धरले.  त्याच वेळी त्याला आठवलं, की आपण झुराकान एजेला तोंडात कापसाचे बोळे भरून खुर्चीत सोडून आलोय. त्यानं फोन केला. म्हातारी घरी पोचली होती. बोळे काढून, गळ्यात दवाखान्याचा रुमाल तसाच बांधून ती बाकावर बसली होती, आणि डॉक्टर कसा वाऱ्यासारखा धावला हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

“दात राहू दे,” ती म्हणाली. “पोरगी कशी आहे?”

बापलेक चालतच घरी निघाले. रस्त्यावरचे दिवे लागले होते.  मग सुयुनबेकनं इतके महिने घशात अडकलेला प्रश्न विचारला. किती सोपा होता तो!

“तू ओढतेस का गं?”

 ती ‘नाही’ म्हणेल म्हणून त्याच्या तोंडात ‘बरं झालं, मला खात्रीच होती’ हे वाक्य तयार होतं.

“दोनदा ओढलं,” ती म्हणाली.

ते वाक्य गिळायला लागलं. “मग?”

“मग काय? आवडलं.” तिनं हात खिशात खोल घातले. “आवडलं म्हणून भीती वाटली. सांगणार होते तुम्हाला. पण तुम्ही रस्ता मोजत होतात, दुकानात जात होतात, दाराबाहेर उभे राहून वास घेत होतात. मला विचारलंच नाहीत.”

“तुला कळलं होतं ते?”

“पापा, दाराखालून पाय दिसतात.”

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. निकोटीन, हिरड्या, फुप्फुसं, भविष्य. तो म्हणाला, “मलाही भीती वाटते. सारखी वाटते. उद्यापासून मी तुला न्यायला येऊ का?”

अकमाराल थांबली. जरा विचार करून तिनं अटी घातल्या. कोट काढून यायचं. हात हलवायचा नाही. ‘माझं शिंगरू’ म्हणून लाडानं हाक मारायची नाही. आणि समोर उभं न राहता कुठेतरी आडोशाला थांबायचं, ती स्वतः येईल. सुयुनबेकनं सगळ्या अटी मान्य केल्या. तिनं त्याच्या कोपरात हात अडकवला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी तो साध्या कोटात बोळात आला आणि एका गॅरेजच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. शेजारच्या गॅरेजमागून कुणीतरी खाकरलं. रडणारं मांजर पाठवणारी ती आई होती. तिच्या पलीकडे, पत्र्याला चिकटून, खुलासा मागणारा गृहस्थ आकाशाकडे पाहत उभा होता. सुयुनबेकनं मान लांब करून पाहिलं. दोन्ही रांगांत, प्रत्येक गॅरेजमागून एकेक टोपी, एकेक रुमाल बांधलेलं डोकं किंचित बाहेर आलं होतं. एका पत्र्यामागून डूलोससुद्धा डोकावत होता. त्याचा मुलगा सातवीत होता म्हणे. कुणी कुणाला ओळख दाखवली नाही.

मग घंटा झाली, दार उघडलं, आणि सगळी डोकी एकदम पत्र्यांआड गेली.